पट्ट्याच्या सँडल

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत अडकवली आणि पेनच्या टोपणानं मानेजवळची एक जागा दाखवली. मणक्यांच्या मागून एक राखाडी दोरी खाली उतरत होती. तिच्या दोन्ही अंगांना पांढरं पाणी दिसत होतं. एका ठिकाणी ते पाणी नाहीसं झालं होतं आणि दोरी मधेच चेपली गेली होती.

“सर्व्हायकल मायलोपथी,” डॉक्टर म्हणाले आणि मग सावकाश समजावून सांगू लागले. ती राखाडी दोरी म्हणजे मज्जारज्जू. मेंदूकडून हातापायांना जाणारा आणि हातापायांकडून मेंदूला येणारा प्रत्येक निरोप तिच्यातून जातो. मानेचे मणके झिजतात, मधल्या गाद्या मागे सरकतात आणि दोरीला जागा कमी पडते. दुखेलच असं नाही. पुष्कळांची मान जराही दुखत नाही. फक्त हात आणि पाय हळूहळू आपलं ऐकेनासे होतात.

समोरच्या खुर्चीत सरवदे बाई होत्या. मी त्यांच्या मागे उभी होते. मी त्यांची मुलगी नाही, भाचीही नाही. बाहेर सिस्टरनं आमचं नातं विचारलं होतं. बाईच म्हणाल्या होत्या, “माझ्याकडं असती ती.”

डॉक्टरांनी बाईंच्या मधल्या बोटाचं नख झटकलं, तर अंगठा आपोआप आत वळला. मूठ भराभर उघडायला आणि मिटायला सांगितली. बाईंची बोटं चिखलातून बाहेर काढावीत तशी उघडत होती. मग टाचेला पाऊल लावून एका रेषेत चालायला सांगितलं. बाई चालल्या, जरा डगमगल्या. एसटीत उभं राहून पाय आखडलेत, असं त्यांनी सांगितलं. खरं तर आम्हाला धाराशिवपासून सोलापूरपर्यंत बसायला जागा मिळाली होती.

“आता नीट आठवून सांगा,” डॉक्टर म्हणाले. “चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटली तरी कळत नाही, असं होतं का?”

“न्हाय,” बाई म्हणाल्या.

या एका उत्तरावर बरंच ठरणार होतं. त्रास नुसता हातांपुरता असेल तर काही काळ लक्ष ठेवून थांबता येतं, असं डॉक्टर म्हणाले. पायही बिघडायला लागले असतील तर थांबण्यात शहाणपण नाही. दोरीचं जे नुकसान होतं ते मागाहून ऑपरेशन केलं तरी भरून येईलच असं नाही. हात गेले तर हात गेलेच.

आमच्या चपला केबिनच्या दाराबाहेर होत्या. माझ्या साध्या. बाईंच्या काळ्या सँडल, घोट्यामागून पट्टा आवळायच्या, नव्याकोऱ्या. बाईंनी त्या घेतल्या तेव्हा मला वाटलं होतं, आवडल्या असतील. डॉक्टरांनी चपलेचं विचारलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात काही जुळलं.

मी सहसा अनोळखी माणसांपुढे बोलत नाही. त्या दिवशी म्हणाले, “बाईंनी पट्ट्याच्या सँडल घेतल्यात. आधी कधी घालत नव्हत्या.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई म्हणाल्या, सँडल आवडल्या म्हणून घेतल्या. त्यावर डॉक्टरांनी वाद घातला नाही. घरी जाऊन विचार करा, पण फार दिवस घेऊ नका, आणि तोवर मान कुणाकडूनही चोळून किंवा मोडून घेऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तुळजापूरचा घाट चढून गेल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या.

“कॉन्व्हेंट, तुला बोलता येतंय म्हणायचं.”

कॉन्व्हेंट हे त्यांनी मला ठेवलेलं नाव.

हे मी ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना बाई कोण हे माहीत नसणार, म्हणून थोडं मागे जाते.

सरवदे बाई आमच्या कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर. हा शब्द आमच्याकडे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही. लोक त्यांना पीटीच्या बाई समजतात. प्रशिक्षक खेळाडूला खेळ शिकवतो. ट्रेनर खेळाडूचं शरीर सांभाळतो. पाय मुरगळला की मैदानावर आधी धावतो तो ट्रेनर. बर्फ, पट्टी, व्यायाम, आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे हा खेळाडू आता पुन्हा खेळू शकतो की नाही ते सांगणं. बाईंनी हे काम सुरू केलं तेव्हा आसपासच्या कुठल्याच कॉलेजात असं माणूस नव्हतं, एखादी बाई तर नाहीच.

आमचा जिल्हा खो-खोचा. बाई माकणीच्या, त्याही शाळेत खो-खो खेळायच्या. खांबाला वळताना त्यांचा गुडघा फिरला. गावातल्या एका माणसानं चोळून चोळून तो बसवला, आणि तो काही कधी बसला नाही. बाईंचं खेळणं संपलं. मग त्या शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आमच्या कॉलेजात लागल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मुली दुखणं लपवतात. घरी कळलं की खेळ बंद, हे प्रत्येकीला माहीत होतं. म्हणून सुजलेला घोटा सलवारीखाली झाकून मुली मैदानात उतरायच्या.

बाईंनी प्राचार्यांकडे एक खोली मागितली. रसायनशास्त्राचं जुनं भांडार मिळालं. आजही पावसाळ्यात तिथल्या भिंतींना आम्लाचा वास येतो. पुण्यात एका शिबिराला जाऊन त्या टेप, म्हणजे सांध्याला आधार देणारी चिकटपट्टी, बांधायला शिकल्या आणि परतीच्या गाडीत स्वतःच्याच घोट्यावर सराव करत आल्या. शेजारच्या माणसानं त्यांना मोठा अपघात झालाय समजून खिडकीची जागा दिली, हे त्या दर वर्षी नव्या मुलींना सांगतात. बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीवाल्याकडून यायचा, गोणपाटात गुंडाळून. मग बाई मुलींच्या घरी जायला लागल्या. आयांना त्या एकच सांगायच्या: दुखलं तर मला कळेल, आणि मला कळलं तर मी तिला खेळू देणार नाही. त्यावर आया पोरींना पाठवायला लागल्या.

बाईंना कळायचं कसं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बाई कुठल्याच मुलीला “दुखतंय का” असं विचारत नाहीत. “तोंडाला काय विचारायचं,” त्या म्हणतात, “ते तर न्हायच म्हणतंय.” खोलीच्या दारात चपला काढाव्या लागतात. बाई दारासमोर स्टुलावर बसून बघतात. कुठला पाय आधी उचलला, हात चौकटीला लागला का, चप्पल काढताना ओठ दाबला का. मुलगी आत येऊन बाकावर बसेपर्यंत बाईंना कळलेलं असतं.

आणि बरं झालं म्हणणाऱ्या मुलीची परीक्षा मैदानात. खो-खोत दोन खांबांमधल्या लांब पट्ट्याला, मधल्या पाटीला, फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, रेघ असते. त्या रेघेवरून अनवाणी, टाचेला पाऊल लावत, या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायचं. मग चौकोनात बसून मागून खो घेऊन उठायचं. जमलं नाही तर बाहेर बसायचं. हा निकाल प्राचार्यांनाही बदलता येत नसे. एकदा अंतिम सामन्याला बाईंनी रेश्माला, कॉलेजच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला, बाहेर बसवलं. कॉलेज हरलं. रेश्मा वर्षभर बाईंशी बोलली नाही. पुढे ती त्याच पायावर पोलीस भरतीचं धावणं धावली आणि आता सोलापुरात कॉन्स्टेबल आहे.

मी अणदूरची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी; शाळा सोलापूरला, हॉस्टेलवर, इंग्रजी माध्यमाची. कॉलेजात आले तेव्हा तिन्ही भाषांत गप्प राहायची मला सवय झाली होती. खेळ मला येत नव्हता. बाईंच्या खोलीत गेले, कारण तिथे कुणी बोलायला लावत नव्हतं. बाईंनी माझ्या हातात टेपची रिळं दिली आणि नाव ठेवलं कॉन्व्हेंट. पदवीनंतरही मी तिथेच राहिले, बाईंची मदतनीस म्हणून, खेळातल्या दुखापतींचा कोर्स करत.

पहिलं लक्षण टेपचं होतं. बाई टेप कात्रीनं कापत नसत. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून टचकन फाडायच्या. तो आवाज म्हणजे खोलीचं घड्याळ होतं. एका हिवाळ्यात त्या मला म्हणायला लागल्या, कात्री दे गं जरा. थंडीनं बोटं आखडलीत, असं म्हणाल्या. थंडी गेली, कात्री राहिली. मग ब्लाउजची बटणं अवघड झाली. मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागल्या. खडूनं फळ्यावर लिहिलेलं अक्षर उतरतीला लागलं.

धाराशिवच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून मानेचा पट्टा दिला, व्यायाम दिला. बोटांचा बधिरपणा कमी होईना तेव्हा त्यांनीच एमआरआय करायला लावला आणि रिपोर्ट बघून सोलापूरच्या न्यूरोसर्जनकडे पाठवलं. न्यूरोसर्जन म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचं ऑपरेशन करणारे डॉक्टर. अशा रीतीनं आम्ही त्या केबिनमध्ये पोचलो.

सोलापूरहून परतल्यावर बाईंनी जाहीर केलं की आंतरमहाविद्यालयीन सामने झाले की बघू. सामने बरेच लांब होते. मला कारण माहीत होतं. बाई दवाखान्यात गेल्या तर खोलीला कुलूप लागेल. मग मुली पुन्हा सुजलेले पाय झाकून उतरतील, किंवा आया त्यांना पाठवणंच बंद करतील. माझा उपयोग टेप कापण्यापुरता होता. मी कुठल्या आईच्या घरी जाऊन बोलेन, असं बाईंना वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

माकणीहून बाईंचे थोरले भाऊ आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. शेती करतात, बहिणीवर जीव आहे. ऑपरेशन मानेचं आहे म्हटल्यावर ते घाबरले. गावात एक जण मान बसवून देतो, त्याला एकदा दाखवू, असं त्यांचं म्हणणं.

“दादा, माझा गुडघा त्यानंच बसवला होता,” बाई म्हणाल्या.

“म्या कुठं म्हणलं त्यालाच दाव म्हणून,” दादा म्हणाले. “त्याला आता दिसत न्हाय. त्याचं पोरगं करतंय.”

त्या दिवसांत बाई पहिल्यांदा हसल्या ते तेव्हा. पण ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायच्या.

मी त्यांना समजावलं नाही. मला जमलं नसतं. मी एवढंच केलं, की एका सकाळी मुली यायच्या आत मैदानावर गेले आणि मधल्या पाटीवर नेहमीपेक्षा जाड फक्की मारली. बाई आल्या तेव्हा मी खांबाजवळ उभी होते. त्यांनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय मागते आहे ते त्यांना कळलं. आजवर त्यांनी प्रत्येक मुलीकडून जे मागितलं होतं तेच.

वाटलं, रागावतील. त्या खाली बसल्या आणि सँडलचे पट्टे सोडायला लागल्या. बोटांना बक्कल सापडेना. मी पुढे झाले नाही. पट्टे सुटले.

एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत त्या चालल्या. नजर समोर, जशी मुलींना ठेवायला सांगतात तशी. निम्म्या वाटेवर डावं पाऊल रेघ सोडून मातीत पडलं. बाईंना ते कळलंच नाही. पुढचं डावं पाऊलही बाहेर पडलं, त्याच्या पुढचंही. त्या शेवटच्या खांबाला पोचल्या, खांब धरला आणि मागे वळल्या.

मधल्या पाटीवर त्यांची पावलं उमटली होती. निम्मी पांढऱ्यात, निम्मी मातीत.

बाईंनी बराच वेळ ती पावलं बघितली. मग दोन्ही तळपाय उचलून बघितले. उजव्याला फक्की टाचेपासून बोटांपर्यंत सारखी लागलेली. डाव्याला एका कडेला थोडीशी.

“मी सरळच चालले होते की गं,” त्या म्हणाल्या.

मी सँडल उचलून त्यांच्याजवळ नेल्या.

“माझ्या कुठल्याबी पोरीला ह्या पायावर म्या उतरवलं नसतं,” त्या म्हणाल्या. एरवी त्या मी म्हणतात. आणि मग, “चप्पल निसटती. वर्ष झालं असंल. मागं वळून बघितलं की दिसती पडलेली.”

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशनला एसीडीएफ म्हणतात. मानेवर पुढच्या बाजूनं छोटा छेद घेतात, दोरीवर दाब देणारी गादी काढतात, तिथे आधाराचा एक तुकडा बसवतात आणि वरखालचे मणके पट्टीनं आणि स्क्रूनं जोडून टाकतात. मानेचं ऑपरेशन पुढून करतात हे ऐकून दादांना धक्का बसला होता. डॉक्टरांनी धोकेही सांगितले. आवाज बसू शकतो, काही दिवस गिळायला त्रास होतो, आणि क्वचित हातापायांची ताकद आणखी कमी होऊ शकते. बाईंनी मधेच विचारलं, टेप फाडता येईल का. डॉक्टरांना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, “आहे ते वाचवायला हे ऑपरेशन आहे. गेलेलं परत आणायचं वचन मी देत नाही.”

मला ते उत्तर आवडलं. तुम्हाला कुणी असं सरळ उत्तर दिलं तर त्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी रेश्मा ड्युटीवरून थेट आली, गणवेशातच. वॉर्डातली माणसं बाजूला सरकली. बाईंना हिरवा गाऊन घातला होता, केस टोपीत कोंबले होते. रेश्मा पलंगाजवळ उभी राहिली.

“बाई, आज बाहेर बसायचा नंबर तुमचा.”

“किती दिवस जपून ठेवलं होतंस गं हे?”

“फायनलपासनं.”

“लई झालं,” बाई म्हणाल्या. “आता बोलून मोकळी झालीस, बरं झालं.”

रेश्मा हसली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. स्ट्रेचर ढकलत नेईपर्यंत तिनं बाईंचा पाय धरून ठेवला होता. बाईंनी एकदा तिला बाहेर बसवून तिचा पाय वाचवला होता.

थांबण्याची खोली तळमजल्यावर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. दादांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी आणली होती. ते दर थोड्या वेळानं फडकं सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. रेश्मा येरझाऱ्या घालत होती. मी दारातल्या चपलांकडे बघत बसले. दवाखान्यात येणारी माणसं चपला कशी काढतात, ते बघण्यासारखं असतं. घाईत असलेली माणसं जोड विसरून एक इथे एक तिथे टाकतात. आपलं माणूस आत असलेली माणसं दोन्ही नीट शेजारी ठेवतात.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, व्यवस्थित झालं. दादांनी त्यांना भाकरी देऊ केली. डॉक्टरांनी हसून एक तुकडा घेतला.

आयसीयूत मला पाच मिनिटं सोडलं. बाईंच्या मानेला टणक कॉलर होती, त्यामुळे त्यांना छताखेरीज काही दिसत नव्हतं. घशातून आवाज फुटत नव्हता. त्या डोळ्यांनी खाली, पायांकडे खूण करत होत्या. मी चादर बाजूला केली. बोटं हलली, आधी उजवी, मग डावी. बाईंना ती दिसत नव्हती, म्हणून मी सांगितलं, “दोन्ही हलतायत.” सिस्टरनं माझ्याकडे वळून बघितलं. मी जरा मोठ्यानं बोलले असणार.

घरी आल्यावरचा काळ लांबतो, हे कुणी आधी सांगत नाही. पहिल्या आठवड्यांत पातळ खिचडी आणि दूध. मग हातांचे व्यायाम. फिजिओथेरपिस्टनं बाईंना कणिक मळायला लावली, हरभरे आणि शेंगदाणे मिसळून निवडायला लावले, दादांच्या जुन्या सदऱ्याची बटणं लावायला आणि काढायला लावली. बाईंनी हेच व्यायाम दुसऱ्यांना दिले होते, पण स्वतः करताना त्या टाळाटाळ करायच्या. मला म्हणायच्या, झाले माझे. मी विचारत नसे. हरभऱ्यांच्या वाटीत बघत असे. त्यात शेंगदाणे असायचे.

पाय लवकर सुधारले. हात सावकाश, आणि पुरते नाहीत. आवाज आला तो बारीक, किनरा. मैदानाच्या टोकाला ऐकू जाणारा आवाज तो नव्हता. बाईंना याचं हातांपेक्षा जास्त वाईट वाटलं असावं, पण तसं त्या बोलल्या नाहीत.

या काळात खोली मी उघडी ठेवली. आयांच्या घरी गेले. पहिल्या घरी मी पाणी प्यायले, चहा प्यायले आणि काही न बोलता उठायला लागले, तेव्हा ती आईच म्हणाली, बाईंनी पाठवलंय ना, मग बसा की. हळूहळू जमलं. सगळ्यात अवघड दिवस सामन्यांच्या आदल्या दिवसाचा. अंजुम ही आमची वेगवान मुलगी. पाय बरा आहे म्हणाली. दारात तिच्या चपला नव्हत्या. तिनं त्या खाली पायऱ्यांपाशीच काढून ठेवल्या होत्या, त्या काढताना मला दिसू नये म्हणून. मी प्रशिक्षक सरांना सांगितलं, ती खेळणार नाही.

“बाई म्हणाल्या का तसं?” सरांनी विचारलं.

“नाही सर. मी म्हणतेय.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं. सामना बरोबरीत आला, जादा डावात गेला आणि आमच्या बाजूनं लागला. पण मला तो निकाल इतका महत्त्वाचा वाटला नाही. अंजुम सामन्यानंतर स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली.

हे वाचणाऱ्यांना काही सांगायचं आहे. हातातून वस्तू निसटायला लागल्या, बटणं लागेनाशी झाली, अक्षर बिघडलं, अंधारात चालताना भिंत धरावी लागली, चप्पल पायातून गेलेली कळली नाही, तर ते वयावर किंवा थंडीवर ढकलू नका. मान दुखत नाही म्हणून मान ठीक आहे असं समजू नका. मान कुणाला मोडू देऊ नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा खरं सांगा. तुमच्यासोबत जो जाणार असेल त्यानं घरातून निघण्याआधी तुमचं चालणं, हात नीट बघून ठेवावेत. आजारी माणूस कणखर असेल तर जास्तच बघावं. आमच्या भागात दुखणं गिळणाऱ्याला चिवट म्हणतात, आणि चिवट माणसांचंच दुखणं उशिरा सापडतं. मला ते डॉक्टर भेटले, रेश्मा होती, दादा होते. या सगळ्यांचे आभार मानायला मला मोठ्यानं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बाईंच्या बोटांनी आता बटण लागतं, पेन धरता येतं, चहाचा कप एका हातात राहतो. टेप फाडता येत नाही. ते परत आलं नाही, येणारही नाही असं डॉक्टर म्हणाले. टेप मी फाडते. माझ्या हातून ती बाईंसारखी टचकन फाटत नाही, जरा फरफरते. बाई शेजारी बसून सांगतात, ताण कुठे द्यायचा, कुठे सोडायचा. त्यांच्या बारीक आवाजातलं बोलणं मुलींना ऐकू जात नाही, तेव्हा मी मोठ्यानं सांगते.

बाई ऑपरेशननंतर पहिल्यांदा खोलीवर आल्या त्या दिवशी मी दारासमोरच्या स्टुलावर बसले होते. मुली आत बाकावर होत्या. रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग पायऱ्यांवर पावलं. बाई दारात उभ्या राहिल्या.

पायात साध्या चपला होत्या. जुन्याच, अंगठ्याच्या. पट्टा नाही.

त्यांनी आधी डावा पाय चपलेतून काढला. हात चौकटीपासून वीतभर लांब होता, आणि लांबच राहिला. मग उजवा. चपला नीट शेजारी ठेवल्या आणि मान सरळ ठेवून माझ्याकडे बघितलं.

“इचारू नकोस,” त्या म्हणाल्या. “दुखतंय का म्हणून.”

“विचारत नाही,” मी म्हणाले. “पण उद्या सकाळी फक्कीवरून चालायचंय. या खांबापासून त्या खांबापर्यंत.”

“कुणी ठरवलं?”

“नियम आहे.”

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मी उठून त्यांना स्टूल देऊ केलं. बाईंनी स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ जाऊन अंजुमशेजारी बाकावर बसल्या. मग मुलींसारखाच आपला नंबर येण्याची वाट बघत दोन्ही पाय तपासायला पुढे केले.